रानडुक्कर पाळायचं, तर खर्च कुंपणाचा

ब्रिटनमध्ये सिंह पाळायला जो परवाना लागतो, तोच रानडुक्कर पाळायलाही लागतो. धोकादायक वन्यप्राण्यांचा कायदा तिथे १९७६ साली आला आणि १९८४ मध्ये त्याच्या यादीत रानडुकराची भर पडली. परवाना स्थानिक नगरपालिका देते. त्याआधी पशुवैद्य जागा पाहून जातो, आणि जनावराने कुणाला इजा केली तर भरपाई देता यावी म्हणून विमा काढावाच लागतो. हे सगळं करावं लागलं, कारण ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या काही शेतकऱ्यांच्या मनात आलं, की ज्या देशातून रानडुक्कर सातेकशे वर्षांपूर्वी शिकारीमुळे संपलं, तिथे ते पुन्हा आणून मांसासाठी वाढवायला काय हरकत आहे?

जनावर मिळवणं अवघड नव्हतं. युरोपच्या मुख्य भूमीवर रानडुकरं होतीच, तिथून विकत आणता येत होती. काही प्राणिसंग्रहालयांकडेही जास्तीची पिल्लं होती. खरी अडचण जनावर दारात आल्यावर सुरू होते.

पाळीव डुक्कर आणि रानडुक्कर एकाच जातीचे, ‘सुस स्क्रोफा’. दोघांचा गर्भकाळही जवळपास सारखा, चार महिन्यांना थोडा कमी. फरक पुढे पडतो. शेतावरची संकरित मादी एका वेतात बारा किंवा त्याहून जास्त पिल्लं देते आणि वर्षातून दोनदा विते. रानडुकराची मादी साधारणपणे वर्षातून एकदा, वसंताच्या सुमाराला विते आणि चार ते सहा पिल्लं देते. पाळीव डुक्कर पाच-सहा महिन्यांत बाजाराच्या वजनाला येतं. रानडुकराला वर्ष ते दीड वर्ष लागतं. तोवर त्याला खायला घालायचं, सांभाळायचं. मांस गडद लाल, कमी चरबीचं आणि चवीला वेगळं, हे खरं. पण ते महाग पडणार आणि त्याची गिऱ्हाइकं मोजकी राहणार, हेही तितकंच खरं.

हाताळणी म्हणजे तर निराळाच व्याप. या जनावराला दोरी लावून ओढत नेता येत नाही. पकडायचं असेल तर सवयीचा उपयोग करावा लागतो. एका लहान कोंडवाड्यात रोज खाणं ठेवायचं, दार उघडं सोडायचं, सगळा कळप बिनधास्त आत-बाहेर करू लागला की एक दिवस दार लावायचं. विण्याच्या वेळी मादी कळपापासून वेगळी होते आणि गवत-फांद्या गोळा करून घरटं बांधते. तेव्हा तिच्या जवळ माणसाने न गेलेलं बरं. पिल्लांच्या अंगावर पिवळट-तपकिरी पट्टे असतात, ते चारेक महिन्यांनी विरायला लागतात. नराचे खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर घासून आपोआप धारदार राहतात आणि त्याच्या खांद्यांवर कातडीखाली जाड, चिवट ऊतीचा थर असतो. दुसऱ्या नराचा सुळा बसला तरी तो आतपर्यंत जाऊ नये, यासाठी ती ढाल.

आणि हे सगळं कुंपणाच्या आत ठेवायचं.

विदर्भात किंवा कोकणात शेती करणाऱ्याला कुंपणाची ही बाजू वेगळी सांगायला नको. आपल्याकडे रानडुकराने शेताबाहेर राहावं म्हणून झटका मशीन लावतात. तिथे त्याने आतच राहावं म्हणून. अडचणी मात्र त्याच. रानडुक्कर उडी मारतं, पण त्याहून जास्त ते खालून जातं. त्याचं नाक म्हणजे कुदळ आहे. नाकाच्या टोकाशी एक खास हाड असतं आणि मानेचे स्नायू इतके दणकट, की गोठलेली जमीनसुद्धा ते उकरतं. म्हणून नुसती उंच जाळी चालत नाही. जाळी मजबूत, पुरुषभर उंच आणि खाली जमिनीत पुरलेली लागते. तिच्या आतल्या बाजूने, नाकाच्या उंचीवर, विजेची तार.

तार नाकाच्याच उंचीवर का, यात थोडं शरीरशास्त्र आहे. रानडुकराचे राठ केस वीज फारशी आत जाऊ देत नाहीत. ओलं नाक मात्र उत्तम वाहक. नाकाला झटका बसला तर जनावर मागे सरतं. डोकं तारेखालून पुढे गेल्यावर पाठीला बसला, तर ते दचकून पुढेच उसळी घेतं, म्हणजे कुंपणाबाहेर. तार वीतभर वर सरकली की पिल्लं खालून जातात. त्यांच्यामागे आई जाणार, हे ओघाने आलंच. पावसाळी गवत वाढून तारेला टेकलं की वीज जमिनीत उतरते आणि झटक्याचा जोर जातो. सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे डुकरं कुंपणाच्या कडेने जमीन उकरताना मातीचा ढीग खालच्या तारेवर लोटतात आणि तार आपोआप निकामी होते. मुद्दाम नाही, पण परिणाम तोच. थोडक्यात, हे कुंपण एकदा घालून विसरायचं नसतं. रोज कुणीतरी सगळी हद्द पायी फिरून पाहावी लागते, आणि या रोजच्या फेरीचा खर्च मांसाच्या भावातून निघावा लागतो.

जनावर हुशार आहे, हेही हिशेबात धरायला हवं. २०२० च्या जानेवारीत चेक प्रजासत्ताकातल्या एका राखीव जंगलात संशोधकांच्या पिंजऱ्यात दोन तरुण रानडुकरं अडकली. थोड्या वेळाने एक मोठी मादी कळपासह आली. दार बंद ठेवणारे ओंडके तिने पुन्हा पुन्हा धडका देऊन बाजूला केले आणि आतल्या दोघांना सोडवलं. मानेवरचे केस सबंध वेळ ताठ उभे होते, म्हणजे तीही तणावाखाली होती. कॅमेऱ्याने सगळं टिपलं, म्हणून तो शोधनिबंध होऊ शकला. वाटेत ओंडका आला आणि तिने तो सहज ढकलला, इतकं ते साधं नव्हतं. नेमके कोणते ओंडके हलवायचे ते तिने हेरलं होतं.

तेव्हा ब्रिटनमध्ये पुढे जे झालं त्याचं फार आश्चर्य वाटायला नको. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण इंग्लंडवर मोठं वादळ आलं. एका रात्रीत दीड कोटीच्या आसपास झाडं पडली. ती जिथे जिथे कुंपणावर पडली, तिथून रानडुकरं निसटली, असं मानलं जातं. केंट आणि पूर्व ससेक्समध्ये मोकळी रानडुकरं पिल्लं देत आहेत, हे सरकारने अधिकृतपणे मान्य केलं १९९८ मध्ये. दरम्यान नव्वदच्या दशकात वेल्सच्या सीमेलगत रॉस-ऑन-वाय गावाजवळून आणखी काही सुटली. आणि कुंपण तोडणारा दरवेळी डुक्करच असतो असं नाही. २००४ मध्ये त्याच सीमाभागातल्या डीनच्या जंगलाशेजारी, स्टॉन्टनजवळ, फार्मवर वाढलेली साठेक डुकरं कुणीतरी सरळ सोडून दिली. डेव्हनमध्ये २००५ च्या डिसेंबरात प्राणिमुक्तीवाल्यांनी एका फार्मचं कुंपण कापून शंभरेक डुकरं बाहेर काढली.

डीनच्या जंगलात ती टिकली, फोफावली. रात्री उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी त्यांची मोजणी होते. २०१८ पर्यंत आकडा दीड हजारांच्या वर गेला होता. गावांच्या कडेची हिरवळ, फुटबॉलची मैदानं, दफनभूमी अशा जागा नांगरल्यासारख्या झाल्या आणि गाड्यांना धडका बसू लागल्या. त्यांच्या उकरण्याने जंगलातल्या दबलेल्या बिया वर येतात, नवी रोपं उगवतात, हेही खोटं नाही. पण ज्याच्या बागेचं वाटोळं झालं त्याला हे कोण सांगणार? २००८ मध्ये सरकारने धोरण जाहीर केलं, आणि आपापल्या भागातल्या डुकरांचं काय करायचं ते जमीनमालकांनी ठरवावं, असा त्याचा सारांश होता.

इथे मला त्या परवान्याचं नवल वाटतं. कायद्याचं लक्ष होतं सुळ्यांवर. जनावराने माणसाला फाडलं तर काय, याची तरतूद झाली. दहा वर्षांनी भाव पडला तर कुंपणाची डागडुजी कोण करणार, हा प्रश्न परवान्याच्या कागदात नव्हता.

फार्मवरच्या अर्थकारणाने आणखी एक गोष्ट केली. हळू वाढणारं, कमी पिल्लं देणारं जनावर परवडत नाही म्हटल्यावर अनेकांनी त्याचा पाळीव डुकराशी संकर केला. पश्चिम युरोपातल्या रानडुकराची गुणसूत्रं ३६ असतात, पाळीव डुकराची ३८. कारण रानडुकराच्या पूर्वजांमध्ये केव्हातरी दोन गुणसूत्रं एकमेकांना जोडली गेली. संकरातून येणाऱ्या पिल्लाची होतात ३७. घोडा आणि गाढव यांच्या संकरातून झालेलं खेचर सहसा वांझ असतं, तसं इथे होत नाही. जोडलेलं एक गुणसूत्र आणि सुटी दोन पेशीविभाजनाच्या वेळी नीट जुळून बसतात, आणि ३७ वालं डुक्कर व्यवस्थित पिल्लं देतं. त्यामुळे जंगलात सुटली ती निव्वळ रानडुकरं नव्हतीच. रानाचा चिवटपणा आणि गोठ्याची प्रजननक्षमता एकाच अंगात घेऊन फिरणारी बरीच त्यांत होती. (आपल्या भारतीय रानडुकराची गुणसूत्रं ३८च. त्यामुळे आपल्याकडे गुणसूत्रं मोजून संकर ओळखायची सोयही नाही.)

हाच खेळ कॅनडात अनेक पटींनी मोठा झाला. तिथे रानडुक्कर कधीच नव्हतं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत शेतीला जोडधंदा म्हणून ते युरोपातून आणलं गेलं, आणि त्याला सरकारी प्रोत्साहनही होतं. २००१ च्या सुमाराला बाजार कोसळला. काही जनावरं आपण होऊन सुटली, काहींना मालकांनीच वाट मोकळी करून दिली. उणे तीस-चाळीस अंशांच्या थंडीत ती मरतील, ही अटकळ साफ चुकली. दलदलीतलं पाणकणीस तोडून त्याचा ढीग रचायचा, त्यावर बर्फ साचू द्यायचं आणि सगळ्या कळपाने आत एकमेकांना बिलगून झोपायचं, ही युक्ती त्यांना जमली. आकाराने मोठं शरीर उष्णता धरून ठेवतं, शिवाय त्यात संकराने वाढवलेलं वजन. सस्कॅचेवान विद्यापीठातले रायन ब्रूक आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ मध्ये नकाशा मांडला, तेव्हा आधीच्या दशकात या डुकरांचं क्षेत्र वर्षाला सरासरी ८८,००० चौरस किलोमीटरने वाढल्याचं दिसलं. म्हणजे दर साडेतीन वर्षांना एक महाराष्ट्र.

या वेगामागे एक साधी जैविक अट आहे. रानडुकराची मादी वयात येते ती वयावर नाही, वजनावर. साधारण तीस किलो भरले की ती माजावर येऊ शकते. मक्याच्या शेताशेजारी वाढलेली मादी हे वजन पहिल्याच वर्षी गाठते.

आपल्याकडे रानडुक्कर पाळायचा प्रश्न कायद्यानेच मिटवला आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये वन्यप्राणी जिवंत पकडणं हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत येतं, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. तेव्हा बांधावर पट्टेरी पिल्लू सापडलं तरी ते उचलून घरी आणायचं नाही, वनविभागाला कळवायचं. त्याची आई बहुधा जवळपासच असते, हे दुसरं कारण. तिसरं कारण रोगाचं. आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू २००७ मध्ये जॉर्जिया या देशात शिरला, तिथून युरोपभर रानडुकरांमध्ये पसरला, २०१८ मध्ये चीनला आणि २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात पोहोचला. माणसाला त्यापासून धोका नाही, पण लागण झालेली बहुतेक डुकरं मरतात. डेन्मार्कने तर या धास्तीने २०१९ मध्ये जर्मनीच्या सीमेवर जवळपास ७० किलोमीटरचं कुंपण घातलं. डुक्कर-पालन हा त्यांचा मोठा निर्यातधंदा आहे, त्यामुळे तिथे कुंपणाचा खर्च परवडतो.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने २०२२ मध्ये रानडुकराला प्रतिबंधित आक्रमक जातींच्या यादीत टाकलं आणि ज्यांच्याकडे फार्म होते त्यांना ते बंद करायला २०२४ च्या सुरुवातीपर्यंतची मुदत दिली. सुटलेल्यांना बंदुकीने आवरणं तितकं जमत नाही. एक पडलं की कळप पांगतो, निशाचर होतो आणि नव्या मुलखात जाऊन वसतो. म्हणून सगळा कळप एकाच वेळी कोंडणारे सापळे लावतात. आणि जिथे कळप सापडतच नाही, तिथे एक डुक्कर जिवंत पकडून, गळ्यात रेडिओ-पट्टा अडकवून, मुद्दाम सोडून देतात. डुकराला एकटं राहवत नाही. ते आपली माणसं, म्हणजे आपली डुकरं, शोधत जातं. पट्ट्याच्या इशाऱ्यावरून लोक मागोमाग पोहोचतात, कळप मारतात आणि त्या घरभेद्याला तेवढं जिवंत ठेवतात, पुढचा कळप शोधायला.