हिरवी क्वेस्ट आणि हिरवा मॉब: रंग एकच, हिशेब वेगळा

“हिरवी झाली बे, टाकून दे.” वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन गेममध्ये स्ट्रँगलथॉर्न व्हेलच्या जंगलात शिरलेल्या आमच्याकडच्या पोरांच्या तोंडी हे वाक्य सारखं असतं. वरूड-मोर्शीकडचा असो की आर्णी-दिग्रसकडचा, सल्ला तोच. क्वेस्ट, म्हणजे गेमनं नेमून दिलेलं काम, हिरवी दिसली की सोडायची अन् नारिंगी धरायची. काऊन म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, “हिरव्याचा एक्सपी कमी भेटते ना भाऊ.”

एक्सपी म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे पॉइंट. मॉबच्या, म्हणजे मारायच्या प्राण्या-शत्रूंच्या बाबतीत हे खरं आहे, क्वेस्टच्या बाबतीत खोटं. दोन्हींचा रंग मात्र सारखा, आणि एवढ्या गोंधळापायी कितीतरी जण तिशीतल्या लेव्हलला त्या जंगलात अडकतात, मरमर मरतात आणि शेवटी खेळच सोडतात. फार चांगला झोन, म्हणजे गेममधला प्रदेश, आहे तो. चुकीच्या सल्ल्यामुळं त्याचं नाव खराब झालेलं पाहवत नाही, म्हणून हिशेब एकदा नीट मांडतो.

सगळे आकडे क्लासिकचे आहेत, म्हणजे २७ ऑगस्ट २०१९ ला उघडलेल्या आवृत्तीचे. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या हार्डकोर सर्व्हरलाही (जिथं पात्र एकदा मेलं की संपलं) तेच लागू होतात. आधुनिक गेममध्ये जानेवारी २०१८ पासून झोनच तुमच्या लेव्हलसोबत वर सरकतो, त्यामुळं तिथं हा प्रश्न उरलेला नाही. त्या गेमचे व्हिडिओ पाहून क्लासिकवाल्यांना सल्ले देणाऱ्यांना एकच विनंती, तसं करू नका. नवीन पोरगं तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतं.

मॉबचं तुम्हाला माहीत आहे, ते लवकर उरकतो. पाच किंवा जास्त लेव्हल वर असला तर लाल, तीन-चार वर असला तर नारिंगी, दोन वरपासून दोन खालीपर्यंत पिवळा, त्याखाली हिरवा, अगदीच खाली गेला की राखाडी. तुमच्याच लेव्हलचा मॉब मारला की लेव्हल गुणिले पाच अधिक पंचेचाळीस एवढा एक्सपी मिळतो, म्हणजे ३७ लेव्हलला २३०. वरच्या मॉबला दर लेव्हलमागं ५ टक्के जादा, फार तर २० टक्के. खालच्या मॉबला, तुम्ही ३० ते ३९ मध्ये असाल तर, दर लेव्हलमागं बारावा हिस्सा कमी. ३७ ला ३३ चा मॉब १५३ देतो, ३१ चा ११५, आणि २९ चा राखाडी असल्यामुळं काहीच देत नाही. लक्षात घ्या, कपात पिवळ्यापासूनच सुरू होते. एक लेव्हल खाली, एक बारांश कमी.

आता क्वेस्ट. इथं जरा सावकाश वाचा.

क्वेस्टला स्वतःची लेव्हल असते आणि लॉगमधला, म्हणजे क्वेस्टांच्या यादीतला, रंग तिच्यावरून ठरतो. रंगाची पट्टी मॉबचीच. पण एक्सपीची कपात त्या पट्टीप्रमाणं होत नाही. क्वेस्टचा एक्सपी हा आधीच ठरलेला आकडा आहे आणि तुम्ही क्वेस्टच्या पाच लेव्हल वर जाईपर्यंत त्यातला एक पॉइंटही कमी होत नाही. सहा वर गेलात की ८० टक्के मिळतात, सात वर ६०, आठ वर ४०, नऊ वर २०. दहा किंवा त्याहून वर गेलात तर १० टक्के, आणि त्याखाली ते जात नाही. राखाडी मॉबचं शून्य होतं, राखाडी क्वेस्टचं होत नाही.

३२ लेव्हलची क्वेस्ट घ्या. तुम्ही ३४ चे असेपर्यंत ती पिवळी. ३५ ला ती हिरवी होते आणि आपला गडी तिथंच ती टाकतो. पण ३५ ला, ३६ ला आणि ३७ ला तिचे पूर्ण शंभर टक्के मिळतात. ३८ ला ८०, ३९ ला ६०, ४० ला ४०. या सगळ्या काळात लॉगमध्ये रंग हिरवाच असतो. ४१ ला ती राखाडी दिसते तेव्हा २० टक्के उरलेले असतात. एकाच हिरव्यात पूर्ण मोबदलाही बसलाय आणि निम्म्याहून कमीही बसलाय. त्यामुळं हिरवी दिसताच टाकणारा नुकसान करून घेतो, आणि ‘हिरवीच तं आहे, करू निवांत’ म्हणणाराही करून घेतो. पहिल्याला निदान कोणीतरी टोकतं. दुसऱ्याकडं कोणाचं लक्षच जात नाही.

आपल्याकडं कापसाची वेचणी किलोवर असते आणि निंदण पुष्कळदा गुत्त्यानं देतात. वेचणीत बोंडं कमी तर मजुरी कमी. गुत्त्यात वावर किती वेळात निघालं याच्याशी पैशाचा संबंध नसतो, बोली झाली तेवढे मिळतात. मॉब वेचणीसारखा आहे, क्वेस्ट गुत्त्यासारखी. काम हलकं झाल्यावर उरकलं म्हणून गुत्त्याचे पैसे कोणी कापत नाही. मुदत तेवढी पाळायची, पाच लेव्हलची.

याचा उलटा भागही तेवढाच महत्त्वाचा आहे. क्वेस्ट नारिंगी किंवा लाल असताना केली म्हणून जादा काही मिळत नाही. ३१ ची क्वेस्ट तुम्ही २८ ला मरत-धडपडत केली काय आणि ३६ ला आरामात केली काय, आकडा तोच. यावर एक आक्षेप हमखास येतो, की ३६ ला पुढची लेव्हल गाठायला जास्त एक्सपी लागतो, मग तोच आकडा कमी कामाचा नाही का? लेव्हलची पट्टी कमी सरकते हे खरं. पण ६० लेव्हलपर्यंत लागणारा एकूण एक्सपी ठरलेला आहे आणि कुठल्याही लेव्हलला कमावलेला एक पॉइंट त्या बेरजेत एकच धरला जातो. पट्टी किती सरकली हे पाहू नका. ताशी किती कमावले ते पाहा.

दुसरी बाब, कपातीसाठी तुमची लेव्हल कधी मोजली जाते? क्वेस्ट जमा करता त्या क्षणी. घेतली तेव्हाची नाही, शेवटचा वाघ मारला तेव्हाचीही नाही. पूर्ण झालेल्या क्वेस्टा लॉगमध्ये साठवून एकदम जमा करायची काहींना हौस असते. मला ही सवय अजिबात पटत नाही. ३७ चा शेवट जवळ आलाय आणि हातात ३२ ची एक, ३६ ची एक अशा दोन क्वेस्टा आहेत. ३६ ची आधी दिली आणि लेव्हल वाढली, तर ३२ च्या क्वेस्टचा पाचवा हिस्सा तिथंच गेला. कमी लेव्हलची नेहमी आधी द्या.

आता हे सारं स्ट्रँगलथॉर्नला लावून पाहू. झोन ३० ते ४५ चा आहे, म्हणून पोरं बरोबर ३० ला तिथं पोचतात. नेसिंगवेरीच्या शिकार छावणीत वाघांची मालिका आहे, क्वेस्टच्या लेव्हली ३१, ३३, ३५ आणि ३७. पहिलीत दहा तरुण वाघ मारायचे. तुम्ही ३० चे असाल तर हे वाघ तुमच्याच बरोबरीचे. साधारण नियम असा की बरोबरीच्या लेव्हलचा मॉब तुम्हाला २० यार्डांवरून पाहतो आणि तुमच्या-त्याच्यातल्या लेव्हलच्या फरकागणिक हे अंतर एकेक यार्डानं बदलतं. ३० ला ३१ चा वाघ २१ यार्डांवरून अंगावर येतो, ३६ ला १५ यार्डांवरून. झाडी एवढी दाट की २१ यार्डांवरचा वाघ तुम्हाला दिसतही नसतो. एकाशी भिडलात की दुसरा पाठीवर असतो.

३६ ला तिथं जा. पहिली क्वेस्ट पाच लेव्हल खाली म्हणजे पूर्ण एक्सपी, दुसरी तीन खाली, तिसरी एक खाली, चौथी एक वर. ३१ चा वाघ स्वतःचे १३१ देतो, पूर्ण २२५ देत नाही, हे मान्य. पण तो चटकन मरतो, मध्येच बसून पाणी प्यावं लागत नाही, आणि क्वेस्टचे पैसे अन् एक्सपी सगळे मिळतात. माझं ठाम मत असं, की अवघड झोनमध्ये शिरायची खरी वेळ म्हणजे तुम्ही त्याच्या क्वेस्टांपेक्षा तीन ते पाच लेव्हल वर असतानाची. क्वेस्ट हिरवी, मॉबही हिरवे, आणि कपात फक्त मॉबवर. तोवर थाउजंड नीडल्समधलं शिमरिंग फ्लॅट्स, अराथी, डेसोलेस असे मोकळे झोन आहेत, तिथं तिशीचा पहिला अर्धा भाग काढा. याच छावणीतल्या रॅप्टरांच्या (डायनासोरसारख्या प्राण्यांच्या) मालिकेची शेवटची क्वेस्ट ४३ ची आहे, म्हणजे या जंगलात पुन्हा यावंच लागतं. एकाच फेरीत सगळं संपवायचा हट्ट धरू नका.

नारिंगी मॉबच्या मागं लागणाऱ्यांसाठी आणखी दोन आकडे. जादूचा मारा करणाऱ्याचा नेम दोन लेव्हल वरच्या मॉबवर ९४ टक्के लागतो. तीन वरच्यावर तो एकदम ८३ टक्क्यांवर येतो. म्हणजे पिवळ्याचा नारिंगी झाला की एक्सपी ५ टक्क्यांनी वाढतो आणि नेम ११ टक्क्यांनी घसरतो. वाया गेलेल्या माऱ्याची माना, म्हणजे जादूची शक्ती, जाते, ती पाणी पिऊन भरायला बसावं लागतं, तेवढ्यात जंगलातलं दुसरं काहीतरी फिरत येतं. उलट चार लेव्हल खालचा हिरवा मॉब दोन तृतीयांश एक्सपी देतो. बरोबरीचे दोन मारायच्या वेळात असे तीन मारता आले की हिशेब बरोबरीत सुटतो, आणि पाणी प्यायचा वेळ धरला तर बहुतेकांना तीनपेक्षा जास्त मारता येतात. तुमच्या पात्राला हे जमतं की नाही ते घड्याळ लावून पाहा.

‘लाल क्वेस्ट म्हणजे ग्रुप पाहिजे’ हाही असाच रंगावरून निघालेला समज. एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवायची क्वेस्ट लाल असली तरी लढाई कुठंच नसते, वाट सांभाळली की झालं. शिकार छावणीतली हस्तलिखिताची पानं गोळा करायची क्वेस्ट तर लिलावघरातून पानं विकत घेऊनही होते. आणि पिवळी क्वेस्ट एलिटची (जास्त ताकदीच्या मॉबची) असेल तर एकट्यानं जीव जाऊ शकतो. एलिट आहे की नाही हे रंग सांगत नाही, मॉबच्या चित्राभोवतीचा सोनेरी ड्रॅगन सांगतो. क्वेस्टी नावाचं ॲडऑन (गेमला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) लावा, त्यात क्वेस्टच्या नावाआधी तिची लेव्हल आकड्यात दिसते. आकडा दिसला की वजाबाकी करता येते, आणि मग रंगाकडं पाहायची गरज राहत नाही.

राहिला रेस्टेड एक्सपी, म्हणजे लॉगआउट असताना जमणारा बोनस. आपल्यासारख्या थोडाच वेळ बसणाऱ्यांना तो फार मोलाचा आहे. हरभऱ्याचं ओलित सुरू असलं, शेतीची लाईन रात्रीची असली, की गेमला दीड-दोन तासांवर वेळ मिळत नाही. इनमध्ये (गेममधल्या सरायीत) लॉगआउट केलं तर दर आठ तासांना लेव्हलच्या ५ टक्के रेस्टेड जमा होतो, दहा दिवसांत दीड लेव्हल, त्यापुढं थांबतो. रानात लॉगआउट केलं तर वेग पाव. हा रेस्टेड फक्त मॉबचा एक्सपी दुप्पट करतो. क्वेस्ट जमा करताना तो वाढतही नाही आणि खर्चही होत नाही. खर्च होतो तो मॉबच्या संख्येवर होत नाही, मिळालेल्या एक्सपीवर होतो, त्यामुळं हिरवे मॉब मारले म्हणून रेस्टेड वाया गेला असं कधीच नसतं. ३७ ला ३३ चा मॉब रेस्टेडमध्ये ३०६ देतो, चार लेव्हल वरच्या नारिंगीच्या २७६ पेक्षा जास्त.

लॅपटॉपची बॅटरी टिकते, पण लाईन गेली की राउटर बंद होतो, आणि मोबाइलचा हॉटस्पॉट जोडेपर्यंत तुमचं पात्र काही वेळ जंगलात तसंच उभं असतं. हार्डकोरमध्ये तेवढ्यात सगळं संपतं. तुमच्या गावची लाईन कधी जाते ते तुम्हाला ठाऊक असतं. त्याच्या दहा मिनिटं आधी पूर्ण झालेल्या क्वेस्टा देऊन टाका, कमी लेव्हलची आधी, आणि हर्थस्टोन (बांधलेल्या इनमध्ये परत नेणारा दगड) वापरून इनमध्ये जा. गेममध्ये होर्ड आणि अलायन्स असे दोन पक्ष आहेत. होर्डवाल्यांना ग्रॉमगोल जवळ पडतं. अलायन्सला दक्षिणेत बूटी बे नाही तर उत्तरेला डार्कशायर. उत्तरेकडच्या क्वेस्टा करत असाल तर हर्थस्टोन डार्कशायरलाच बांधा, बूटी बेहून परत वर चढण्यात खेळायच्या वेळातला मोठा तुकडा जातो.