ढिल्या पट्ट्याची चाल (कुत्रा चालवणं)

पाळीव कुत्र्याला पट्टा लावून फिरवताना त्याने पट्टा न ताणता माणसाच्या बाजूने, थोडं पुढेमागे झालं तरी शांतपणे चालणं, याला इथे ढिल्या पट्ट्याची चाल म्हटलंय. ओळखायची खूण एकच, पट्ट्याला झोळ पाहिजे. गळ्यापासून हातापर्यंतचा पट्टा मधे खाली लोंबत असेल तर चाल बरोबर, काठीसारखा ताठ झाला की बिघडली. सोलापुरात याला वेगळं नाव नाही, "आमचा ओढत नाही हो" एवढंच लोक म्हणतात आणि समोरच्याला कळतं. पोलिस किंवा लष्करी श्वानपथकातली "हील" ही चाल वेगळी, तिच्यात कुत्र्याचं डोकं हँडलरच्या डाव्या गुडघ्याशी असतं आणि हुकूम सुटेपर्यंत तिथून हलायचं नसतं. रोजच्या फिरण्यात कुत्र्याने वास घ्यावा, इकडेतिकडे बघावं, फक्त झोळ राहावा.

मराठीत ओढ म्हणजे खेचणं आणि ओढ म्हणजे मनाचा कलही, आणि या विषयात दोन्ही अर्थ एकाच जागी येतात, कारण कुत्रा ओढतो तो कशाची तरी ओढ लागली म्हणूनच. ओढाळ हा शब्द मूळचा गुरांचा, दुसऱ्याच्या रानात घुसणाऱ्या जनावराचा. अशा ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं अडकवतात, म्हणजे लाकडाचा ओंडका, पळायला लागलं की तो पायात येतो. लोढणं जनावराला अडवतं पण शिकवत काहीच नाही, काढलं की ते परत शेजारच्या ज्वारीत. कुत्र्याच्या पट्ट्याचं बहुतेक घरांत असंच लोढणं झालेलं असतं.

पट्टा किती जुना

कुत्रा माणसाळला कधी यावर एकमत नाही, साधारण 15 हजार वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी असं धरतात. पट्ट्याचा आत्तापर्यंत दाखवला जाणारा सगळ्यात जुना पुरावा सौदी अरेबियातल्या शुवैमिस आणि जुब्बा इथल्या कातळचित्रांचा. 2017 मधे त्यांच्यावर शोधनिबंध आला तेव्हा ती बरीच गाजली. शुवैमिसच्या एका चित्रात धनुष्यवाला शिकारी आहे, सोबत 13 कुत्री आहेत, आणि त्यातल्या दोघांच्या गळ्यापासून शिकाऱ्याच्या कमरेपर्यंत रेघ काढलेली आहे. काळ 8 हजार वर्षांच्या आसपास सांगतात पण तो अंदाज आहे, कारण कातळावरच्या कोरीव रेघेचा काळ थेट मोजता येत नाही, वरखाली आलेली चित्रं आणि दगडाची झीज यावरून ताडावा लागतो, त्यामुळे हजार वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात. वाद त्या रेघेचा आहे. काहींच्या मते तो खरा पट्टा, काहींच्या मते हा कुत्रा या माणसाचा एवढं सांगणारी नुसती खूण. पहिलं मत जास्त पटतं. नुसतं नातंच दाखवायचं असतं तर तेराही कुत्र्यांना रेघ काढली असती, दोघांनाच कशाला. आणि रेघ कमरेला आहे, हात धनुष्याला मोकळे, हे शिकारीच्या कामाशी जुळतं.

आपल्याकडचं लिखित साधन म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावरचा मानसोल्लास, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्यात सारमेयविनोद असं कुत्र्यांवर वेगळं प्रकरणच आहे, रोख अर्थात शिकारीवर. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूरहून लांब नाही, आणि त्या काळात हा मुलूख चालुक्यांच्याच अमलाखाली होता. मेंढ्यांमागे फिरणारी धनगरांची कुत्री मोकळीच असतात, आणि दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्रीही, अक्कलकोट-गाणगापूरच्या वाटेवर घरोघर दिसतात ती, बिनपट्ट्याचीच. घरातला कुत्रा रोज सकाळ-संध्याकाळ पट्ट्याने रस्त्यावर नेणं ही शहरी, फ्लॅट-बंगल्याची गोष्ट आहे.

कुत्रा ओढतो का

यावर तीन मतं आहेत.

पहिलं मत वर्चस्वाचं. कुत्रा पुढे चालतो म्हणजे तो स्वतःला मालक समजतो, त्याला मागे ठेवा, झटका द्या. याच्या मुळाशी प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल याचं 1947 चं लांडग्यांवरचं काम आहे. ते लांडगे प्राणिसंग्रहालयातले होते, एकमेकांच्या नात्यातले नसलेलेही एका कुंपणात कोंडलेले, त्यामुळे मारामाऱ्या व्हायच्या आणि त्यातून "आल्फा", म्हणजे लढून कळपाचा म्होरक्या झालेला लांडगा, ही कल्पना निघाली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी 1970 च्या आपल्या पुस्तकातून ती जगभर नेली आणि पुढे जंगलातले कळप वर्षानुवर्षं बघून 1999 मधे स्वतःच लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, तिथे सिंहासनाची लढाई नसते. शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. तरी हे मत आपल्याकडे अजून जोरात चालतं आणि त्यापायी कितीतरी गरीब जिवांच्या माना हिसडल्या जातात, याचं वाईट वाटतं.

दुसरं मत प्रतिक्षिप्त क्रियेचं. मागे खेचलं की प्राणी आपोआप पुढे जोर लावतो, असं ट्रेनर लोक सांगतात आणि कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ पावलोवचं नाव घेतात. पावलोवने 1917 मधे "स्वातंत्र्याचा प्रतिक्षेप" यावर लिहिलं हे खरं, पण ते प्रकरण थोडं वेगळं होतं. प्रयोगशाळेतला एक कुत्रा स्टँडवर पट्ट्यांत उभा केला की झगडायचा, लाळ गाळायचा, काही केल्या शांत होईना. त्यावर उपाय केला तो असा, की त्याला जेवण फक्त त्या स्टँडवरच द्यायचं. सुरुवातीला तो नीट खाईना, वाळला, मग हळूहळू पूर्ण जेवायला लागला आणि पट्ट्यांत शांत उभा राहायला लागला. म्हणजे ज्या गोष्टीचा दाखला ओढणं जन्मजात आहे म्हणून देतात, तीच गोष्ट ते अन्नाने बदलतं हे सांगते.

तिसरं मत शिकण्याचं, आणि या नोंदीचा कल त्याच्याकडे आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने 1898 पासून प्राण्यांवर प्रयोग करून मांडलं की ज्या कृतीचं फळ चांगलं मिळतं ती कृती पक्की होते, पुढे स्किनर या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने ते विस्ताराने दाखवलं. कुत्र्याला समोरच्या खांबाचा वास घ्यायचाय, तो ओढतो, माणूस चार पावलं त्याच्यामागे जातो, खांब मिळाला. धडा संपला, शिकवणारा माणूसच. आणि दहा वेळा अडवून अकराव्या वेळी "जाऊ दे, उशीर होतोय" म्हणून मागे गेलात तर सवय आणखी चिवट होते, कारण कधीतरी मिळणारं फळ रोजच्या फळापेक्षा जास्त काळ आशेला लावतं. यात साधी शरीररचनाही आहे, कुत्र्याची सहज दुडकी चाल आपल्या ताशी 5 किलोमीटरच्या चालण्यापेक्षा जलद असते, आपल्याबरोबर चालताना त्याला सतत ब्रेक लावावा लागतो. ते त्याच्यासाठी काम आहे, आणि कामाची मजुरी द्यावी.

शिकवायची रीत

पट्टा दीड ते दोन मीटरचा साधा. चक्रीवाला आपोआप आत जाणारा पट्टा सुरुवातीला नकोच, त्यात सतत थोडा ताण असतो आणि ताण म्हणजेच चालणं असं कुत्रा शिकतो. पहिले काही दिवस घरात, मग अंगणात किंवा गच्चीवर, मग गल्ली, चौक सगळ्यात शेवटी. पिल्लू असेल तर लसी पूर्ण होईपर्यंत, साधारण 16 आठवडे, रस्त्यावर खाली सोडू नये, पार्वो या जीवघेण्या विषाणूची भीती असते, पण घरातलं शिकवणं 8 आठवड्यांपासून सुरू करता येतं.

कुत्रा बाजूला आला, पट्ट्याला झोळ आहे, की लगेच, एक-दोन सेकंदांच्या आत, आपल्या मांडीच्या शिवणीपाशी खाऊ द्यायचा, समोर हात लांब करून नाही, नाहीतर तो खाऊसाठी पुढे यायला शिकतो. सुरुवातीला दर दोन-तीन पावलांना, मग पाच, मग दहा. पट्टा ताठ झाला की थांबायचं, झाडासारखं, ओढायचं नाही, ओरडायचं नाही. कुत्रा वळून बघेल किंवा एक पाऊल मागे येईल, झोळ पडेल, त्याच क्षणी पुढे निघायचं. पुढे जाणं हेच बक्षीस. काही कुत्र्यांना थांबण्यापेक्षा दिशा बदलणं लवकर कळतं, ते ताणायला लागायच्या आत हाक मारून उलटं वळायचं. आणि वास घेऊ द्यायचा, भरपूर, पण झोळ ठेवून खांबापर्यंत गेला तर.

सोलापुरातल्या संभाजी तलावाच्या, म्हणजे जुन्या कंबर तलावाच्या बाजूला पहाटे पाहिलेलं सांगतो. दोन वर्षांचा लॅब्राडॉर, मालक शाळेतला पोरगा, हाताला पट्ट्याचा वळ उठलेला. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात ते जेमतेम 40 पावलं गेले, कारण प्रत्येक ताणाला पोरगं थांबत होतं, आणि येणारे-जाणारे "काय रे, अडकला का" विचारत होते. पाचव्या-सहाव्या दिवशी पट्टा ताठ झाल्यावर पोरगं थांबलं आणि लॅब्राडॉर स्वतःहून दोन पावलं मागे येऊन त्याच्या गुडघ्याला नाक लावून उभा राहिला. पट्टा खाली रस्त्याला टेकला. पोरगं एवढं खूश झालं की खाऊ द्यायचंच विसरलं.

खाऊ म्हणून उकडलेल्या चिकनचे शेंगदाण्याएवढे तुकडे, उकडलेलं अंडं, पनीर, अगदी ज्वारीच्या कडक भाकरीचे बारके तुकडेही चालतात, भुकेला असला तर. शेंगाचटणी लागलेली भाकरी मात्र अजिबात नको, तिच्यात लसूण असतो आणि लसूण-कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

शब्दांचा प्रश्न सोलापुरात जरा जास्तच आहे. एकाच घरात किंवा वाड्यात आजी तेलुगूत "रा" म्हणते, शेजारच्या काकू कन्नडमधे "बा" म्हणतात, पोरं "ये ये" नाहीतर "कम". माणसांना चारही कळतात, कुत्र्याला चार वेगळे आवाज ऐकू येतात. कुठलीही भाषा चालेल, घराने एक शब्द ठरवावा आणि सगळ्यांनी तोच वापरावा. यावर घरात एकदा बसून बोलणं हे कुठल्याही महागड्या पट्ट्यापेक्षा उपयोगी पडतं.

साधनं

साधा चपटा गळपट्टा न ओढणाऱ्या कुत्र्याला ठीक आहे. ओढणाऱ्या कुत्र्याला छातीवरचा हार्नेस बरा, आणि कडी समोर छातीवर असली तर ओढल्यावर अंग वळतं, जोर कमी होतो. 2006 मधे आलेल्या एका पाहणीत गळपट्ट्याने ओढलं की कुत्र्याच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि हार्नेसने तसा वाढत नाही असं दिसलं होतं. पग आणि पॉमेरेनियन, दोन्ही आपल्याकडे घरोघर, त्यांना तर हार्नेसच, पगचा श्वास मुळात अरुंद आणि पॉमची श्वासनलिका दबायची भीती. गळा आवळणारी साखळी आणि काट्यांचा पट्टा श्वानप्रशिक्षक कोनराड मोस्टच्या 1910 च्या जर्मन पुस्तिकेपासून चालत आलेल्या सक्तीच्या परंपरेत बसतात. त्यांनी ओढणं थांबतं, पण दुखतं म्हणून थांबतं, आणि समोर दुसरा कुत्रा असताना दुखलं तर कुत्रा ते दुखणं त्या दुसऱ्या कुत्र्याच्या खात्यावर मांडतो.

कारवान, ज्याला मुधोळ हाउंडही म्हणतात, त्याची गोष्ट निराळी. 2005 मधे टपाल खात्याने मुधोळवर तिकीटही काढलं होतं. याचं डोकं अरुंद आणि मान जवळजवळ तेवढीच जाड, त्यामुळे साधा गळपट्टा मागे खेचताच डोक्यावरून सुटतो. याला रुंद, ताणल्यावर थोडाच आवळणारा मार्टिंगेल लावतात. हा नजरेने शिकार करणारा कुत्रा, ससा दिसला की खाऊ बिऊ काही आठवत नाही, म्हणून नान्नजकडच्या माळरानावर, जिथे माळढोक अभयारण्य आहे, तिथे कारवान मोकळा सोडूच नये.

वेळ आणि जागा

एप्रिल-मेमधे इथे पारा चाळिशीच्या वर असतो आणि डांबर त्याहून कितीतरी तापतं. हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर ठेवता आली नाही तर कुत्र्याला नेऊ नये. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत आणि रात्री साडेआठनंतरच. गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांची आपापली हद्द असते, ती ओलांडताना पट्टा ताणून धरला तर आपल्या कुत्र्याला आपली भीती कळते, उलट बाजूने लांबून वळसा घ्यावा आणि झोळ राखावा. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाकडे, विशेषतः शोभेच्या दारूच्या रात्री, शिकवणीचा प्रयत्न करू नये, घाबरलेला कुत्रा पट्टा तोडून पळतो. कायद्यानेही पाळलेल्या जनावरामुळे दुसऱ्याला इजा होऊ नये ही काळजी मालकाचीच, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली येतं.