दमट हवेत तैलरंग वाळत नाहीत?

गोव्यात चित्रकला शिकणाऱ्यांना हमखास ऐकवलं जातं: इथल्या दमट हवेत तैलरंग वाळत नाहीत, बाहेर बसून निसर्गचित्र करायचं तर जलरंगच घ्या. हे खरं नाही. तैलरंग पाणी उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. उजेड, ऊब आणि खेळती हवा मिळाली की हे काम लवकर होतं. दमटपणाचा खरा त्रास उलट जलरंगाला. दिवाडी बेटाच्या धक्क्यावर पावसाळी सकाळी कागदावरचा आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, सुकता सुकत नाही.

तैलरंगात वेळ ठरतो तो मुख्यतः रंगानुसार. बर्न्ट अंबर या तपकिरी रंगात मँगनीज असतं, म्हणून तो लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग आणि कॅडमियमचे लाल-पिवळे रंग रेंगाळतात. म्हणून जांभ्या दगडाची भिंत रंगवताना खालचा थर अंबरचा, टर्पेंटाइनने पातळ केलेला द्या आणि जास्त तेलाचा रंग त्यावर चढवा. क्रम उलटला तर पुढे तडे जातात. आणि कृपा करून ओलं चित्र बंद कपाटात ठेवू नका! अंधारात तेल पिवळं पडतं, शिवाय पावसाळ्यात कॅनव्हासला बुरशी धरते ती वेगळीच.