सोशल मीडियावर गिव्हअवे किंवा बक्षीस स्पर्धा घ्यायचीय? बदललेले नियम, पात्रता आणि लागणारे कागद

पेजवर बक्षीस स्पर्धा घ्यायची ठरली की बहुतेक जण काय करतात, दुसऱ्या कुणाची तरी जुनी पोस्ट उघडतात, त्यातलं "पेज लाइक करा, पोस्ट शेअर करा, तीन मित्रांना टॅग करा" हे जसंच्या तसं उचलतात, बक्षिसाचं नाव बदलतात आणि टाकून देतात. आता ह्यातल्या शेअर आणि टॅग ह्या दोन अटींना फेसबुकने नियमात सरळ नकार दिलेला आहे आणि लाइकचंही प्रकरण 2014 पासून बदललंय. मी पेजेस सांभाळायचं काम करते आणि दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच की परवानगी कुठून घ्यायची, फॉर्म कुठला भरायचा, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

आधी फॉर्मचं सांगते. आज फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, एक्स, कुठेच स्पर्धेसाठी अर्ज करावा लागत नाही. पण हा प्रश्न लोकांच्या डोक्यात आला कुठून, तर एके काळी खरंच परवानगी लागायची. 2009 च्या शेवटी फेसबुकने नियम आणला की स्पर्धा घ्यायच्या आधी त्यांची लेखी मंजुरी घ्या, म्हणजे ज्याचा फेसबुकमध्ये जाहिरातीचा माणूस ओळखीचा त्यालाच जमणार, छोट्या पेजवाल्याने काय करायचं. ती अट पुढे गेली, पण 2011 च्या नियमांत स्पर्धा फक्त वेगळ्या अ‍ॅपमधूनच घ्यायची, लाइक बटण मतदानाला वापरायचं नाही, विजेत्याला फेसबुकवरून कळवायचंसुद्धा नाही असं सगळं होतं. मग ऑगस्ट 2013 मध्ये मोठा बदल झाला, पेजच्या पोस्टवर थेट स्पर्धा घ्यायला परवानगी मिळाली, कमेंट किंवा पोस्टवरचा लाइक ही एन्ट्री धरता येऊ लागली, लाइक मोजून मतदानही चालायला लागलं. पुढच्याच वर्षी, 5 नोव्हेंबर 2014 पासून, "आधी पेज लाइक कर, मगच स्पर्धेचं पान उघडेल" हा प्रकार बंद केला गेला, त्याला लाइक-गेट म्हणायचे. आणि डिसेंबर 2017 मध्ये फेसबुकने जाहीर केलं की लाइक, शेअर, टॅग, कमेंट, व्होट मागणाऱ्या भीक मागितल्यासारख्या पोस्ट फीडमध्ये खाली ढकलल्या जातील.

हा इतिहास मी उगाच सांगत नाहीये. ह्यात एक गोष्ट दिसते ती अशी की प्लॅटफॉर्मने आपल्याला जितकी मोकळीक दिली तितकी जबाबदारीही आपल्या गळ्यात घातली. पूर्वी ते तपासून मंजुरी द्यायचे, आता ते म्हणतात खुशाल घ्या, पण कायदा तुम्ही पाळा, नियमावली तुम्ही लिहा, बक्षीस तुम्ही द्या, भांडण झालं तर आमचा संबंध नाही. त्यामुळे अर्ज नसला तरी कागद लागतातच, आणि ते आयोजकानेच तयार करायचे असतात.

आयोजकाची पात्रता काय? फेसबुकवर स्पर्धा पेजवर, ग्रुपमध्ये, इव्हेंटमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये घेता येते. पर्सनल टाइमलाइन आणि मित्रयादी स्पर्धा चालवायला वापरायची नाही, म्हणजे स्वतःच्या प्रोफाइलवर तर नाहीच, पण "तुमच्या टाइमलाइनवर शेअर करा आणि एन्ट्री मिळवा" हेही नाही. लोकांना हे पटत नाही कारण आजूबाजूला सगळे करतात, पण व्यवहाराच्या बाजूनेही बघा ना, ज्याचं प्रोफाइल लॉक आहे त्याने शेअर केलं की नाही हे तुम्हाला दिसणारच नाही, मग त्याला सोडतीत धरणार की वगळणार? जी एन्ट्री मोजता येत नाही ती मागूच नये.

आता कायद्याची बाजू, आणि इथे जरा थांबून वाचा. बक्षीस, नशीब आणि मोबदला (म्हणजे भाग घ्यायला पैसे किंवा खरेदीची अट) ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या की बहुतेक देशांत ती लॉटरी धरली जाते, आणि खाजगी माणसाला लॉटरी चालवायला सहसा मनाई असते किंवा लायसन लागतं. म्हणून तिघांपैकी एक काढून टाकायचं. पैसे किंवा खरेदीची अट काढली तर तो सोडतीचा गिव्हअवे होतो, नशीब काढून परीक्षकांनी ठरलेल्या निकषांवर निवड केली तर ती कौशल्याची स्पर्धा होते. कॅनडात तर सोडतीत नाव निघालेल्या माणसाला आधी एक गणित सोडवायला लावतात आणि उत्तर बरोबर आलं तरच बक्षीस, ते ह्याचसाठी, म्हणजे निकाल निव्वळ नशिबावर राहू नये. "आमची वस्तू विकत घ्या आणि लकी ड्रॉमध्ये भाग घ्या" हे वाक्य दिसायला साधं आहे पण त्यात तिन्ही गोष्टी आल्या, तेव्हा असं काही लिहायच्या आधी आपल्या देशातला आणि राज्यातला कायदा वकिलाकडून तपासून घ्या, आणि बक्षीस मोठं असेल तर त्यावर कर कापावा लागतो का हे सीएला विचारा. स्पर्धक वेगवेगळ्या देशांतले असतील तर प्रत्येक ठिकाणचा नियम लागू शकतो, म्हणून स्पर्धा कुठल्या भागातल्या लोकांसाठी आहे हे आधीच ठरवून टाकणं सगळ्यात सोपं.

प्लॅटफॉर्मनुसार थोडा फरक आहे. इन्स्टाग्रामवर मुख्य अट अशी की फोटोत जो माणूस नाही त्याला फोटोत टॅग करायला सांगायचं नाही, चुकीचं टॅगिंग स्वतः करायचं नाही आणि करवूनही घ्यायचं नाही. कमेंटमध्ये मित्राला मेन्शन करणं वेगळं आणि फोटोवर टॅग लावणं वेगळं, लोक दोन्हीला टॅगच म्हणतात त्यामुळे पोस्टमध्ये नक्की काय करायचंय ते उलगडून लिहा. एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, "जो सगळ्यात जास्त वेळा रिट्विट करेल तो जिंकला" असल्या स्पर्धा नकोत असं त्यांच्या सूचनांत आहे, एकाच माणसाने अनेक अकाउंट काढून भाग घेतला तर तो अपात्र हे नियमावलीत लिहायला ते सांगतात, आणि एन्ट्रीत तुमचं हँडल मेन्शन करायला लावा म्हणतात कारण नुसत्या सर्चमध्ये सगळ्या एन्ट्री दिसतीलच असं नाही. पिंटरेस्टवर, म्हणजे आवडलेली चित्रं आपल्या बोर्डवर पिन करून ठेवायच्या साइटवर, ठरावीक चित्रच पिन करायला लावणं आणि एका माणसाकडून अनेक एन्ट्री घेणं चालत नाही. यूट्यूबचे नियम सगळ्यात सविस्तर आहेत, भाग घेणं फुकट हवं, व्ह्यू, लाइक, सबस्क्रायबरचे आकडे स्पर्धेच्या नावाखाली फुगवायचे नाहीत, जमा केलेली माहिती फक्त स्पर्धेपुरती वापरायची, आणि स्पर्धकाच्या व्हिडिओचे सगळे हक्क तुमच्या नावावर करून मागायचे नाहीत. हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण फोटो आणि व्हिडिओ स्पर्धांमध्ये शंभर लोकांचं काम फुकटात गोळा होतं आणि बक्षीस एकालाच मिळतं, त्यामुळे यूट्यूब सोडून बाकी ठिकाणीसुद्धा "विजेत्याचा फोटो नाव देऊन आमच्या पेजवर वापरू" एवढंच मागा, त्याच्यापुढे जाऊ नका.

एक गोष्ट अजून, जी फारच कमी जणांना माहीत असते. अमेरिकेत कोल हान ह्या बूट बनवणाऱ्या कंपनीने पिंटरेस्टवर स्पर्धा घेतली होती, बोर्ड बनवा, आमचे बूट पिन करा, 1000 डॉलरची खरेदी जिंका. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, 2014 मध्ये पत्र पाठवून सांगितलं की बक्षिसाच्या आशेने केलेलं पिन ही एक प्रकारची जाहिरातच आहे, आणि ते बघणाऱ्याला हा स्पर्धेचा भाग आहे हे कळायला हवं, नुसता कंपनीचा हॅशटॅग पुरेसा नाही. कारवाई झाली नाही, पण मुद्दा पक्का झाला. म्हणून हॅशटॅग ठेवताना त्यात "स्पर्धा" किंवा "गिव्हअवे" हा शब्द घाला.

आता कागद. पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे नियमावली. आयोजक कोण, संपर्क कुठे, स्पर्धा कधी सुरू आणि कोणत्या तारखेला किती वाजता बंद, कुठल्या टाइमझोनप्रमाणे, वयाची अट, कुठे राहणारे लोक पात्र, आयोजकाचे कर्मचारी आणि त्यांच्या घरचे अपात्र, एका माणसाच्या किती एन्ट्री, बक्षीस नेमकं काय आणि किती, विजेता कसा निवडणार, कधी जाहीर करणार, विजेत्याने किती दिवसांत उत्तर द्यायचं आणि नाही दिलं तर दुसरा कसा निवडणार. हे कॅप्शनमध्ये मावत नाही, वेगळ्या पानावर ठेवा आणि लिंक द्या. त्यातच ते एक वाक्य हवं जे फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोघंही मागतात, की ही स्पर्धा त्या प्लॅटफॉर्मने प्रायोजित केलेली नाही, तिला त्यांची मान्यता नाही, तिच्याशी त्यांचा संबंध नाही, आणि स्पर्धक त्यांना जबाबदारीतून पूर्ण मोकळं करतोय. हे प्रत्येक भाषेतल्या नियमावलीत येऊ द्या.

दुसरा कागद माहितीबद्दलचा, म्हणजे नाव, ईमेल, फोन घेताय तर कशासाठी, किती दिवस ठेवणार, कुणाला देणार. मार्केटिंगचे मेसेज पाठवायचे असतील तर त्याची टिक वेगळी ठेवा, स्पर्धेत भाग घेतला म्हणजे मेसेजला होकार दिला असं धरू नका. अल्पवयीन मुलं भाग घेणार असतील तर पालकांचं संमतीपत्र लागेल, शक्यतो 18 च्या वरच ठेवा, डोकेदुखी वाचते.

विजेत्याकडून वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, बक्षीस मिळाल्याची सही केलेली पोच, आणि त्याचं नाव-फोटो जाहीर करायचा असेल तर त्याची लेखी परवानगी. कर कापायचा असेल तर त्यासाठी लागणारा क्रमांक. हे सगळं फक्त विजेत्याकडून घ्यायचं, सगळ्या स्पर्धकांकडून आधीच ओळखपत्रं मागवून ठेवायची नाहीत.

निवडीबद्दल माझा एक अनुभव. सुरुवातीला मी एका फोटो स्पर्धेत "सगळ्यात जास्त लाइक त्याला पहिलं बक्षीस" ठेवलं होतं. शेवटच्या रात्री एका फोटोवर काही तासांत शेकडो लाइक चढले, सगळी परकी रिकामी प्रोफाइल्स, आणि नियमावलीत विकत घेतलेल्या लाइकबद्दल एक ओळही नव्हती, त्यामुळे काढताही येईना. जिने खरंच जीव ओतून फोटो काढला होता ती मुलगी दुसरी आली आणि मला तिला काही उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून लाइकवर फार तर पहिले दहा निवडते आणि शेवटचा निर्णय परीक्षकांचा, निकष आधी लिहून, आणि संशयास्पद मतं बाद करायचा हक्क नियमावलीत. सोडत असेल तर एन्ट्रीची यादी बंद होण्याच्या वेळेचीच काढा, सोडतीचं स्क्रीन रेकॉर्डिंग ठेवा, आणि स्पर्धा सुरू झाल्यावर अटी किंवा तारीख बदलू नका. अगदीच बदलावी लागली तर तेवढीच पोस्ट एडिट करून नका थांबू, नवीन पोस्ट टाकून कारणासकट सांगा.

आणि विजेता जाहीर करायच्या दिवशी एक तयारी ठेवाच. तुमच्या पेजचा लोगो आणि नाव चोरून, एखादं अक्षर इकडेतिकडे करून, बनावट अकाउंट कमेंट करणाऱ्या लोकांना "तुम्ही जिंकलात, डिलिव्हरी चार्ज भरा, ओटीपी सांगा" असे मेसेज पाठवतं, हे आता जवळजवळ प्रत्येक गिव्हअवेला होतं. म्हणून पहिल्याच पोस्टमध्ये लिहा की आमचं अकाउंट हे एकच, आम्ही पैसे, कार्डनंबर किंवा ओटीपी कधीच मागत नाही, निकाल ह्याच पेजवर अमुक तारखेला लागेल. ती ओळ कमेंटमध्ये पिन करा, निकालाच्या दिवशी दर थोड्या वेळाने कमेंट बघा, आणि बनावट अकाउंट दिसलं की स्वतः रिपोर्ट करून फॉलोअर्सनाही स्टोरीत त्याचा स्क्रीनशॉट दाखवा.