फास्ट मॅच आणि न अडखळणारी मॅच, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत (कॉलेज बास्केटबॉलच्या निमित्ताने)

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलबद्दल एक तक्रार दर मार्चमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी, ठरलेली, "किती स्लो होती यार मॅच". पण दोघं जण हेच वाक्य बोलतात तेव्हा बऱ्याचदा दोघांच्या डोक्यात वेगवेगळं काहीतरी असतं. एकाला म्हणायचं असतं की टीम नुसती बॉल फिरवत बसते, पंचवीस सेकंद उलटले की मग कुठे शॉट मारते. दुसऱ्याला म्हणायचं असतं की शेवटची दोन मिनिटं संपता संपत नव्हती, फाउल, फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा, कोणी न अडवता मारायचा एका पॉइंटचा शॉट), टाइमआउट, रेफरी रिप्ले बघायला मॉनिटरपाशी, परत फाउल. पहिला बोलतोय वेगाबद्दल आणि दुसरा ओघाबद्दल, आणि या दोन्हीची गल्लत केली की कोणता नियम कशासाठी आला तेच कळत नाही.

वेग मोजतात पझेशनमध्ये. म्हणजे ४० मिनिटांत एका टीमच्या हातात बॉल किती वेळा आला आणि त्यातून शॉट, टर्नओव्हर (बॉल समोरच्यांकडे जाणं) किंवा फ्री थ्रो असं काहीतरी निघालं. आता यात गंमत अशी की ही ४० मिनिटं मैदानावरच्या घड्याळाची आहेत आणि ते घड्याळ शिट्टी वाजली की थांबतं, तुमच्या भिंतीवरचं थांबत नाही. त्यामुळे पझेशनचा आकडा बघून तुम्ही सोफ्यावर किती वेळ बसलात ते काही कळत नाही. ओघ म्हणजे सलग किती वेळ खेळ चालला ते, आणि त्याचा शॉट क्लॉकशी (इतक्या सेकंदांत शॉट मारलाच पाहिजे असं सांगणाऱ्या घड्याळाशी) फारसा संबंध नाही, संबंध आहे शिट्टीशी, टाइमआउटशी आणि रिप्लेशी.

याचं सगळ्यात भारी उदाहरण मॅचच्या शेवटीच बघायला मिळतं. पाच-सहा पॉइंटने मागे असलेली टीम मुद्दाम फाउल करत सुटते, समोरच्याला फ्री थ्रो देते, बॉल परत घेते, धावत जाऊन थ्री (तीन पॉइंटचा लांबचा शॉट) मारते, परत फाउल. एकेक पझेशन तीन-चार सेकंदांत संपतं. कागदावर बघाल तर हा अख्ख्या मॅचमधला सगळ्यात फास्ट भाग, आणि बघणाऱ्याला विचाराल तर सगळ्यात रटाळ. एवढं एक लक्षात आलं तरी अर्धी गल्लत सुटते.

आता वेगाचा इतिहास थोडक्यात, कारण तो खरंच मजेशीर आहे. पूर्वी पुरुषांच्या कॉलेज खेळात शॉट क्लॉक नव्हताच. नॉर्थ कॅरोलायनाचे कोच डीन स्मिथ 'फोर कॉर्नर्स' खेळायचे, म्हणजे चार जण चार कोपऱ्यांत, एक जण मधे बॉल ड्रिबल करतोय, आघाडी असली की वेळ काढायचा. १९७९ मध्ये ड्यूकविरुद्ध त्यांनी पहिल्या हाफमध्येच असा बॉल दाबून धरला आणि हाफटाइमला स्कोअर होता ७-०, ड्यूकला सात आणि यांना शून्य! दुसरा हाफ बरोबरीत सुटला, ४०-४०, आणि ड्यूक ४७-४० जिंकलं. १९८२ च्या एसीसी (या टीम ज्या लीगमध्ये खेळतात ती) फायनलमध्ये तर नॉर्थ कॅरोलायना ४७, व्हर्जिनिया ४५, आणि ती पण कशी तर एका टीममध्ये कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेला मायकल जॉर्डन, दुसरीकडे राल्फ सॅम्पसन, आणि टीव्हीवर शेवटची कितीतरी मिनिटं लोक बघतायत काय तर उभे राहिलेले खेळाडू. लोक वैतागले आणि बरोबरच होतं. १९८५-८६ पासून सगळीकडे ४५ सेकंदांचा क्लॉक आला, १९९३-९४ पासून ३५, २०१५-१६ पासून ३०. आपल्याकडे प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी डू-ऑर-डाय करावी लागते ना, तोच प्रकार, वेळकाढूपणाला किंमत लावायची.

पण नुसता क्लॉक कमी करून सगळं सुटत असतं तर ३५ सेकंदांवर आल्यावर खेळ आपोआप सुधारला असता. झालं उलटंच. २०१२-१३ मध्ये एका टीमचे सरासरी पॉइंट ६७.५ वर आले, १९५१-५२ नंतरचे सगळ्यात कमी. याला मोठं कारण होतं बचाव करणाऱ्यांची धक्काबुक्की. ड्रिबल करणाऱ्याच्या कमरेवर हात ठेवायचा, फोरआर्मने रेटायचं, बॉलशिवाय अचानक धाव घेणाऱ्याला मधेच खांदा द्यायचा, आणि रेफरी काही म्हणत नाहीत म्हटल्यावर कोच हेच शिकवणार, त्यांची काय चूक. मग २०१३-१४ ला रेफरींना सांगितलं गेलं की बस झालं, बॉलवाल्यावर हात ठेवून राहिलात, दोन हात लावलेत, सारखं टोचत राहिलात किंवा फोरआर्म आडवा घातलात की फाउल, चर्चा नाही.

इथे वेग आणि ओघ यांची गल्लत सगळ्यात जास्त झाली. त्या वर्षी पॉइंट वाढले, सरासरी ७१ च्या आसपास गेली, आणि बातम्या आल्या की खेळ सुधारला. पण त्या पॉइंटांतला बराच भाग फ्री थ्रोंचा होता. फाउल झाला की काय काय होतं बघा: शिट्टी, घड्याळ बंद, रेफरी टेबलापाशी जाऊन नंबर हाताने दाखवणार, खेळाडू बास्केटसमोरच्या लेनच्या (चौकटीच्या) कडेने उभे राहणार, पहिला फ्री थ्रो, कोच तेवढ्यात दोन खेळाडू बदलणार, मग दुसरा. पॉइंट दोन, मैदानावरचा वेळ शून्य सेकंद. सीझनच्या सुरुवातीच्या त्या मॅचेस बघणं म्हणजे शिक्षा होती, स्टार खेळाडू तीन फाउल होऊन बेंचवर आणि आपण फ्री थ्रो मोजत बसलोय.

तरी मी त्या निर्णयाच्या बाजूने आहे, कारण कडक शिट्टीचा त्रास सुरुवातीला होतो आणि ती टिकवली तर खेळाडू हात काढून घ्यायला शिकतात, मग शिट्ट्या आपोआप कमी होतात. अडचण अशी की टिकवली गेली नाही. पुढच्याच सीझनला शिट्टी सैल पडली, धक्काबुक्की परत आली आणि सरासरी परत ६७-६८ वर. कॉलेजचे रेफरी कोणा एकाचे पगारी नोकर नाहीत, वेगवेगळ्या कॉन्फरन्सचे (कॉलेजांच्या लीगचे) नेमणूक करणारे लोक त्यांना मॅचेस देतात, त्यामुळे एकीकडे जो फाउल तो दुसरीकडे "चालू द्या". खेळाडूला दर आठवड्याला नवा हिशोब, बघणाऱ्याला तर काहीच कळत नाही.

२०१५ चे बदल मला म्हणूनच जास्त हुशार वाटतात, कारण त्यात दोन्ही गोष्टींना एकदम हात घातला. ३० सेकंदांचा क्लॉक वेगासाठी. आणि ओघासाठी एक टाइमआउट कमी केला, खेळ चालू असताना बाकावरून कोचने टाइमआउट मागायची सोय काढली, आणि बास्केटखालचा तो अर्धगोल, जिथे उभं राहून मदतीला आलेला बचावपटू चार्ज घेऊ शकत नाही (म्हणजे अंगावर आदळणाऱ्या बॉलवाल्यावर फाउल मिळवू शकत नाही), तो तीन फुटांवरून चार फूट केला. सरासरी पॉइंट ७३ च्या आसपास गेले.

आणि वेग कमी म्हणजे मजा कमी असंही समजू नका. कोच टोनी बेनेटच्या व्हर्जिनियाइतकं संथ त्या काळात क्वचितच कोणी खेळायचं, लोक नावं ठेवायचे, पण २०१९ ची राष्ट्रीय फायनल त्यांनी टेक्सास टेकविरुद्ध ओव्हरटाइममध्ये ८५-७७ अशी जिंकली आणि जबरदस्त मॅच होती ती. खटकलं ते वेगळंच. ओव्हरटाइमचं मिनिटभर वगैरे उरलं असताना व्हर्जिनियाच्या डी'आंद्रे हंटरने टेक्सास टेकच्या दाविदे मोरेटीच्या हातातला बॉल टोलवला, बॉल बाहेर. उघड्या डोळ्यांनी बघणारा कोणीही म्हणेल टेक्सास टेकचा बॉल, रेफरीनेही तेच दिलं. मग मॉनिटर, स्लो मोशन, आणि त्यात दिसलं की बॉल जाता जाता मोरेटीच्या करंगळीला घासून गेलाय, निर्णय फिरला. काटेकोर बघितलं तर बरोबरच, पण फायनल ऐन भरात असताना एका करंगळीसाठी सगळे उभे.

२०२५-२६ पासून पुरुषांच्या खेळात यावर उपाय आलाय, कोचचा चॅलेंज (महिलांकडे तो वर्षभर आधीच आला). बॉल बाहेर कोणाचा हे आता रेफरी स्वतःहून बघायला जात नाहीत, कोचने मागितलं तरच, आणि त्यासाठी हातात टाइमआउट शिल्लक पाहिजे. चूक ठरलात तर तो गेला. माझ्या मते हे उत्तमच, कारण रिप्ले फुकट होता तोवर कोणालाच घाई नव्हती.

महिलांच्या खेळाने २०१५-१६ लाच वीस-वीस मिनिटांचे हाफ सोडून दहा मिनिटांचे चार क्वार्टर घेतले. फरक कुठे पडतो तर फाउलच्या मोजणीत. पुरुषांमध्ये हाफमधला सातवा फाउल झाला की समोरच्यांना बोनस (एक फ्री थ्रो, तो गेला तरच दुसरा), दहाव्यापासून थेट दोन फ्री थ्रो, आणि एखादी टीम बारा मिनिटं बाकी असतानाच सातवर पोचली तर पुढे हाफ संपेपर्यंत साधा धक्का लागला तरी सगळे फ्री थ्रोला. क्वार्टरमध्ये दर दहा मिनिटांनी पाटी कोरी. पुरुषांकडे क्वार्टर आणायची चर्चा सुरू आहे, आणि भारतातून बघणाऱ्यांना त्याचा फायदाच, कारण फायनल इथे मंगळवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होते आणि नेमकी ऑफिसला निघायच्या वेळी फ्री थ्रोंची रांग लागते. शॉट क्लॉक एनबीएसारखा २४ वर आणा असंही काही जण म्हणतात, त्याला मात्र माझा विरोध आहे, एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांकडून घाईत मारलेले वेडेवाकडे शॉट तेवढे वाढतील आणि शिट्ट्या होत्या तेवढ्याच राहतील.