खरजेचा किडा आणि पॅरिसचं सेंट लुई हॉस्पिटल

पॅरिसचं सेंट लुई हॉस्पिटल १६०७ मध्ये चौथ्या हेन्री राजाने काढलं ते प्लेगसाठी, पेशंट शहराबाहेर ठेवायचे म्हणून. १८०१ पासून ते मुख्यतः त्वचारोगांचं झालं, आणि अलिबेर नावाचे डॉक्टर तिथे चक्क बागेत झाडाखाली पेशंट दाखवत शिकवायचे.

तिथे सगळ्यात जास्त गर्दी खरजेची. पण खरूज कशाने होते यावरून मोठी भांडणं, कोणी म्हणे रक्त बिघडलंय कोणी म्हणे किडा. १८१२ मध्ये तिथल्याच गालेस नावाच्या फार्मासिस्टने किडा सापडल्याचा दावा केला, चित्रंही छापली, पण बाकीच्यांना काही तो किडा दिसेना आणि पुढे कळलं की चित्रातला किडा चीजमधला होता! मग लोकांचा विश्वासच उडाला, तिथल्याच डॉक्टर लुगॉलने (हो, लॅबमधल्या लुगॉल्स आयोडीन द्रावणावाले तेच) तर किडा दाखवा नि बक्षीस घ्या असं जाहीर केलं.

१८३४ मध्ये रेनुची नावाच्या विद्यार्थ्याने ते करून दाखवलं. तो कॉर्सिका बेटावरचा, आणि तिकडच्या गावातल्या बायका सुईने हा किडा काढायच्या ते त्याने पाहिलेलं. मोठे डॉक्टर पाण्याच्या फोडात शोधत बसले होते, किडा मात्र फोडात नसतो, तो कातडीत बारीक बोगदा खणतो आणि बोगद्याच्या टोकाला बसतो. अर्धा मिलिमीटरसुद्धा नसतो. माझ्या मते याचं निम्मं श्रेय त्या बायकांनाच द्यायला हवं.

नंतर बारेता नावाच्या कारागिराने तिथे मेणाचे रोगट हात-पाय, चेहरे बनवले, पेशंटच्या अंगावरून साचा घेऊन. असे साडेचार हजारांवर नमुने हॉस्पिटलच्या म्युझियममध्ये आहेत.

आजही कुठल्याही स्किन ओपीडीत डॉक्टर बोटांच्या बेचक्या, मनगट बघतात, डर्मोस्कोप (कातडी मोठी करून दाखवणारं भिंग) लावून तोच बोगदा शोधतात, गरज पडली तर खरवडून स्लाईडवर घेतात. रात्री खाज जास्त आणि घरात दोघा-तिघांना, म्हणजे संशय पक्काच. किडे मारणारं पर्मेथ्रिन क्रीम मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावायचं, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, खाज नसलेल्यांनीसुद्धा, इथेच बहुतेक घरं चुकतात. आठवड्याने परत एकदा. किडे मेले तरी खाज दोन-चार आठवडे राहू शकते, कारण ती ॲलर्जीची असते, तेवढ्यासाठी मेडिकलमधून मनाने स्टेरॉईडची ट्यूब आणून चोळू नका.