109 दारांची कोठी: मॉरिशसचे ऊसमळे आणि त्यांचे मालक

मॉरिशसमधल्या मोका गावचे 'युरेका' हे घर 109 दारांसाठी ओळखले जाते. इतकी दारे हौसेखातर ठेवलेली नाहीत. समोरासमोरची दारे उघडली की वारा आरपार खेळतो. भोवतालच्या व्हरांड्यामुळे भिंतींवर थेट ऊन पडत नाही. स्वयंपाकघर वेगळ्या दगडी इमारतीत, कारण लाकडी घराला चुलीच्या ठिणगीची धास्ती. अशा घरांची छपरे लाकडी फळकुटांची असत, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढवलेली. वादळाने दोनचार फळकुटे उचकटली आणि कोणी वेळीच लक्ष दिले नाही, की पाणी खालच्या वाशांत मुरते आणि छप्पर आतून कुजत जाते. म्हणून पुढे बऱ्याच ठिकाणी पत्रे आले.

हा डामडौल साखरेच्या पैशाचा. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, पण फ्रेंच वसाहतवाल्यांची मालमत्ता, कायदे, धर्म आणि भाषा तशीच राहू दिली. त्यामुळे राज्य इंग्रजांचे आणि जमीन फ्रेंच घराण्यांची, असा मामला झाला. 1825 मध्ये मॉरिशसच्या साखरेवरची ब्रिटनमधली जकात वेस्ट इंडीजच्या बरोबरीला आली आणि ऊस झपाट्याने पसरला. 1835 मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा सुमारे 21 लाख पौंड नुकसानभरपाई मिळाली, ती मालकांना. ज्यांनी ऊस तोडला त्यांना छदामही नाही. या घरांचा इतिहास सांगताना हा आकडा वगळणे मला अप्रामाणिक वाटते.

राबायला माणसे आधीच शोधली होती. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अ‍ॅटलास' जहाजातून 36 भारतीय मजूर उतरले. करार 5 वर्षांचा. पगार महिना 5 रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, तूप, मीठ. खरी मेख दंडात होती: गैरहजेरीच्या एका दिवसाला दोन दिवसांचा पगार कापत. आजारी पडलेला माणूस महिनाअखेर कर्जातच निघे. 1842 मध्ये मुंबई बंदरातूनही मजूर पाठवण्याची परवानगी मिळाली आणि रत्नागिरीकडची माणसे तिथे पोचली. त्यांच्या वंशजांमुळे गणेश चतुर्थीला आज मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते.

युरेका 1830 च्या दशकातले. 1856 मध्ये ते लेक्लेझियो घराण्याने लिलावात घेतले. उत्तरेला मापूजवळ व्हीए घराण्याचा 'लाबूर्दोने' प्रासाद 1859 मध्ये पुरा झाला. पुढे 1866 ते 1868 च्या हिवतापाच्या साथीने पोर्ट लुई आणि किनारा हैराण झाला, तेव्हा श्रीमंतांनी थंड पठारावर, क्युरपीपकडे बिऱ्हाडे हलवली. तिकडची बरीच जुनी घरे त्यानंतरची आहेत.

मग बीटच्या साखरेने भाव पाडले. त्यातच फ्रेंच वारसाकायद्याने प्रत्येक मुलाला वाटा द्यावाच लागे, त्यामुळे मळ्याचे तुकडे पडण्याची भीती सतत असे. 1880 च्या दशकापासून मालकांनी रोख पैशासाठी कडेची, कमी पिकाची जमीन तुकड्यांनी विकायला काढली. ती घेणारे बहुतेक करार संपलेले भारतीय मजूर होते.

मजुरांच्या गवती छपरांच्या झोपड्या टिकल्या नाहीत. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरच्या 16 दगडी पायऱ्या मात्र शाबूत आहेत. जहाजातून उतरलेला मजूर याच पायऱ्या चढून नोंदणीला जाई.